पेमेंट अडलं? आधी अडवणारा शोधा

चाळीस हजारांचा फ्रिज ऑनलाइन घेताना एका ओटीपीवर काम होतं आणि महिन्याला १४९ रुपयांच्या सबस्क्रिप्शनला मात्र ‘पेमेंट होऊ शकलं नाही’ असा लाल संदेश येतो, तेव्हा माणूस चक्रावतो. खात्यात पैसे आहेत, कार्ड कालच पेट्रोल पंपावर चाललंय, नंबर तीनदा तपासून टाकलाय. मग एवढ्याशा रकमेचा संशय कोणाला आणि कशासाठी?

रक्कम एवढीशी आहे, संशयाचं एक कारण तेच. चोरलेल्या कार्डांचे नंबर गठ्ठ्यांनी विकले जातात. विकत घेणाऱ्याला त्यातली कोणती कार्डं अजून जिवंत आहेत हे माहीत नसतं. पहिल्याच फटक्यात त्याने मोठी खरेदी केली तर मालक सावध होईल. म्हणून तो एखादी सबस्क्रिप्शनची साइट किंवा देणगीचं पान गाठतो आणि तिथे पन्नास, शंभर, दीडशे रुपये टाकून बघतो. एकामागून एक कार्डं लावतो आणि चाललेलं कार्ड बाजूला काढून ठेवतो. सबस्क्रिप्शनला घरचा पत्ता लागत नाही, कुरिअरवाला दारात येत नाही, पैसे भरताच सेवा सुरू होते. म्हणून कार्ड तपासून बघायला चोरांना ही जागा सोयीची वाटते आणि तिथला पहाराही तितकाच कडक असतो. तुमचं पेमेंट अडलं म्हणजे कोणी तुम्हाला चोर ठरवलं असं नाही. तुमच्या पेमेंटची चाल चोराच्या चालीशी कुठेतरी जुळली, इतकंच.

अशा वेळी बहुतेक जण तेच बटण पुन्हा दाबतात, मग दुसरं कार्ड घालतात, मग नवऱ्याचं, मग मुलाचं. यानेच काम बिघडतं. एका फोनवरून दहा मिनिटांत चार वेगवेगळ्या नावांची चार कार्डं लागली, तर यंत्राच्या दृष्टीने तो कार्डं तपासणारा चोरच. सुरुवातीला फक्त एक व्यवहार अडला होता, आता तुमचा फोन, तुमचा ईमेल आणि घरातली चारही कार्डं संशयाच्या यादीत जाऊ शकतात. एकदा नाकारलं गेलं तर टायपिंगची चूक झाली का ते बघून आणखी एकदा प्रयत्न करा. दुसऱ्यांदाही नाकारलं तर हात आवरा आणि पेमेंट नेमकं कोणी अडवलं ते शोधा. हे शोधण्याआधी केलेला कोणताही उपाय अंधारातला असतो, आणि माझ्या मते लोकांचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो.

अडवणारे तीन असू शकतात. एक, साइट किंवा तिचं पेमेंट गेटवे. दोन, तुमची बँक. तीन, दरमहा आपोआप पैसे कापण्याबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे नियम, ज्यांचा फसवणुकीच्या संशयाशी थेट संबंध नसतो, पण पडद्यावर संदेश तसाच दिसतो.

यातला कोण, हे ओळखायला तुमचा फोन पुरेसा आहे. व्यवहार नाकारल्यानंतर दोन-चार मिनिटांत बँकेचा एसएमएस आला, ‘तुमच्या कार्डावरचा अमुक रकमेचा व्यवहार नाकारण्यात आला’, तर मागणी बँकेपर्यंत पोचली होती आणि बँकेने ती परतवली. एसएमएस नाही, ओटीपीचं पानही उघडलं नाही, तर मागणी बहुधा बँकेपर्यंत गेलीच नाही. साइटच्या बाजूलाच ती अडली. पहिलं पेमेंट नीट झालं होतं आणि पुढच्या महिन्याचं किंवा वर्षाचं अडलं, तर पहिला संशय आपोआप कपातीच्या नियमांवर घ्या. सगळ्याच बँका प्रत्येक नकाराचा एसएमएस पाठवत नाहीत, म्हणून बँकेच्या ॲपमध्ये नाकारलेले व्यवहार दिसतात का तेही एकदा पाहा.

बँकेने अडवलं असेल तर

आधी कार्डाची बटणं तपासा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशानुसार नवीन किंवा बदलून मिळालेलं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन वापर, परदेशी वापर आणि टॅप करून पैसे देणं या तिन्ही सोयी ग्राहकाने स्वतः चालू करायच्या असतात. जे कार्ड कधीच ऑनलाइन वापरलं नव्हतं, त्याचीही ऑनलाइन सोय याच आदेशाने बंद झाली. म्हणजे मुदत संपल्यावर घरी आलेलं कोरं कार्ड दुकानात बिनतक्रार चालतं आणि साइटवर नाकारलं जातं, यात बिघाड काहीच नाही. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑनलाइन’ चालू करा. साइट परदेशी असेल तर ‘आंतरराष्ट्रीय’ही चालू करा आणि दोन्हींची मर्यादा बघा. मर्यादा शून्यावर ठेवलेली असेल तर बटण चालू असूनही उपयोग नाही. रक्कम रुपयांत दिसते म्हणून साइट भारतीय आहे असं धरून चालू नका. पैसे घेणारी कंपनी आयर्लंडची किंवा सिंगापूरची असू शकते, आणि मग तो व्यवहार बँकेच्या लेखी परदेशी ठरतो. कार्ड रुपेचं असेल तर ते परदेशात चालणाऱ्या प्रकारातलं आहे का, हेही विचारून घ्या. फक्त देशांतर्गत असलेलं रुपे कार्ड परदेशी साइटवर चालणार नाही, कितीही बटणं चालू केली तरी.

हे सगळं ठीक असेल तर बँकेला फोन करायचा. नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो. फोनवर ‘माझं कार्ड चालत नाही’ एवढंच म्हटलंत तर पलीकडून ‘थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा’ हेच ठरलेलं उत्तर मिळेल. त्याऐवजी असं बोला: “काल रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या कार्डावर, शेवटचे चार आकडे अमुक, एकशे एकोणपन्नास रुपयांचा ऑनलाइन व्यवहार नाकारला गेला. तो मीच करत होतो. नकाराचा कोड काय दिसतोय ते सांगाल का?” कोड हा शब्द ऐकला की समोरच्याला नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

कार्डांच्या जगात हे दोन आकडी कोड ठरलेले आहेत. ५१ म्हणजे शिल्लक पुरेशी नाही. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ५७ म्हणजे या कार्डावर अशा व्यवहाराची परवानगी नाही. इथे बहुतेकदा वरची बटणंच कारण असतात. ६१ म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली, ६५ म्हणजे थोड्या वेळात फार वेळा प्रयत्न झाला. ९१ म्हणजे बँकेची यंत्रणाच त्या क्षणी उत्तर देत नव्हती, तासाभराने बघावं. ५९ म्हणजे फसवणुकीचा संशय. आणि ०५ हा सगळ्यात त्रासदायक, कारण त्याचा अर्थ फक्त ‘मान्य करू नका’ एवढाच. का, ते त्यात नसतं. ०५ किंवा ५९ ऐकलंत तर लगेच विचारा, “जोखीम तपासणाऱ्या विभागाने कार्डावर काही रोक लावली आहे का? हा व्यवहार खरा असल्याची नोंद करून ती काढता येईल का?” ती नोंद झाली की किती वेळात पुन्हा प्रयत्न करायचा तेही विचारून घ्या, आणि त्याच फोनवरून, त्याच कार्डाने, तेवढीच रक्कम भरा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. काही बँका संशय आला की ‘हा व्यवहार तुम्ही केलात का?’ असा एसएमएस पाठवतात. त्याला वेळेत उत्तर दिलं तर फोनचीही गरज पडत नाही, पण आपण असले एसएमएस जाहिराती समजून सोडून देतो.

या संभाषणात ओळख पटवण्यासाठी बँक जन्मतारीख किंवा पत्ता विचारेल. ओटीपी, पिन आणि कार्डामागचे तीन आकडे मात्र फोनवरच्या माणसाला सांगायचे नाहीत, तो कितीही बँकेचा वाटला तरी.

साइटच्या बाजूला अडलं असेल तर

इथली तपासणी तुम्हाला दिसत नाही. तुम्ही ‘पैसे भरा’ दाबता त्या सेकंदाच्या आत गेटवे बऱ्याच गोष्टी ताडून बघतं. कार्डाच्या पहिल्या सहा-आठ आकड्यांवरून ते कोणत्या देशातल्या कोणत्या बँकेचं आहे ते कळतं. इंटरनेटच्या पत्त्यावरून तुम्ही कुठे बसला आहात याचा अंदाज येतो. हा फोन किंवा संगणक आधी कुठल्या फसवणुकीत दिसला होता का, ईमेल कालच उघडलेला आहे का, या कार्डावर तासाभरात किती प्रयत्न झाले, हेही पाहिलं जातं. या सगळ्यावरून जोखमीचा एक आकडा निघतो. जगभरातल्या असंख्य साइट वापरतात त्या स्ट्राइप कंपनीच्या ‘रडार’ या व्यवस्थेत हा आकडा ० ते ९९ मधला असतो, आणि दुकानदाराने स्वतः काही बदललं नसेल तर ७५ पासून पुढचं पेमेंट थेट अडवलं जातं. खात्यात किती पैसे आहेत हा प्रश्न तिथवर आलेलाच नसतो.

हा आकडा प्रामाणिक माणसाच्या बाबतीतही कसा चढतो याची दोन उदाहरणं अगदी आपल्या ओळखीची आहेत. हिंजवडीत काम करणारा मुलगा घरी ऑफिसच्या लॅपटॉपवरून सबस्क्रिप्शन घेतो. लॅपटॉपवर कंपनीचं व्हीपीएन चालू असतं, म्हणून साइटला तो सिंगापूरमध्ये बसलेला दिसतो. कार्ड भारतातलं, बिलाचा पत्ता पुण्याचा. किंवा मुलगी न्यू जर्सीत आहे आणि तिने आई-बाबांना सांगलीत मराठी चित्रपट बघता यावेत म्हणून आपल्या अमेरिकी कार्डाचा नंबर फोनवर सांगितला. बाबा तो सांगलीतून टाकतात. कार्ड अमेरिकेचं, माणूस सांगलीत, नाव मुलीचं, खातं बाबांचं. चोरलेल्या कार्डाचं चित्र याहून वेगळं नसतं. इथे उपाय सोपा आहे: मुलीने स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या घरून पैसे भरावेत आणि लॉगिन आई-बाबांना द्यावं. त्याहून बरं म्हणजे ती सेवा गिफ्ट कार्ड विकत असेल तर ते पाठवावं.

बाकीच्या सुधारणाही आपल्या हातातल्या आहेत. व्हीपीएन बंद करा. गुप्त खिडकीतून नको, नेहमीच्या ब्राउझरमधून जा. ब्राउझरने आपोआप भरलेला जुना पत्ता खोडून बँकेत नोंदलेला पत्ता आणि पिनकोड टाका. नाव कार्डावर छापलंय तसंच लिहा. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या कार्डांच्या बाबतीत तर घर क्रमांक आणि पिनकोडचे आकडे बँकेतल्या नोंदीशी जुळवून पाहण्याची स्वतंत्र पद्धत आहे. म्हणून परदेशात घर बदललेल्यांनी आधी बँकेत पत्ता बदलावा, मग तक्रार करावी. हे सगळं करून एक दिवस थांबा. बऱ्याच मोजण्या ठरावीक काळातल्या प्रयत्नांच्या असतात. तो काळ उलटला की आकडा खाली येतो.

तरीही अडलं तर साइटच्या ग्राहक सेवेला लिहा. पत्रात खात्याचा ईमेल, प्रयत्नाची तारीख आणि वेळ, रक्कम, कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे आणि पडद्यावरच्या संदेशाचा फोटो द्या. ‘माझ्या बँकेने हा व्यवहार नाकारलेला नाही, तो तुमच्या बाजूच्या तपासणीत अडला आहे असं दिसतं, कृपया तपासून मला मान्य यादीत टाका किंवा पैसे भरायची वेगळी लिंक पाठवा’ एवढं स्पष्ट लिहा. अशी मान्य यादी असते आणि दुकानदार त्यात ग्राहकाला घालू शकतो, फक्त त्याला तसं कोणीतरी नेमकं सांगावं लागतं. कार्डाचा पूर्ण नंबर किंवा कार्डाचा फोटो कधीही पाठवू नका.

नकाराचं कारण साइट मुद्दाम सांगत नाहीत, कारण ते कळलं तर चोर पुढच्या वेळी तेवढंच टाळेल. हे पटतं. पण ‘आम्ही अडवलं’ आणि ‘तुमच्या बँकेने अडवलं’ इतका फरक तरी सांगायला हवा. तो न सांगितल्याने ग्राहक दोन फोनच्या मधे हेलपाटे घालत राहतो आणि दोन्हीकडून त्याला ‘आमच्याकडे काही अडचण नाही’ असं ऐकावं लागतं. आपल्याकडच्या मासिकांना आणि छोट्या प्रकाशकांनाही एक विनंती: भारतीय गेटवेवर परदेशी कार्ड घेण्याची परवानगी अनेकदा वेगळी मागावी लागते. ती मागितलेली नसेल तर टोरांटोतला वाचक वर्गणी भरायला येतो, नकार घेऊन परत जातो आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसऱ्या महिन्यात अडलं असेल तर

१ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापायचे असतील तर ग्राहकाने सुरुवातीला ओटीपी देऊन त्या मंजुरीची नोंद करावी लागते, आणि प्रत्येक कपातीच्या किमान चोवीस तास आधी बँकेने कळवावं लागतं. एका कपातीची बिनाओटीपीची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. त्यावरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना डिसेंबर २०२३ मध्ये एक लाखापर्यंत सूट मिळाली. सबस्क्रिप्शन त्या सुटीत येत नाहीत, त्यामुळे सतरा-अठरा हजारांची वार्षिक योजना आपोआप नूतनीकरण होईल या भरवशावर राहू नका. व्यवसायासाठी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना याचा फटका बसतो.

मंजुरी कार्डाला बांधलेली असते. कार्ड बदललं की ती पुन्हा नोंदवावी लागू शकते. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला तुमचा कार्ड नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे एक पर्यायी कोड, वापरलं जातं. म्हणून ‘कार्ड तर तिथे सेव्ह होतं’ ही समजूत आता उपयोगी नाही. मंजुरीत कमाल रक्कम ठरलेली असते हेही लोक विसरतात. सेवेने दर वाढवला किंवा डॉलर वधारला आणि रक्कम त्या मर्यादेपुढे गेली, की कपात अडते. अशा वेळी जुनी मंजुरी रद्द करून नवी द्या. काही परदेशी साइट ही मंजुरीची नोंदच करत नाहीत; तिथे पहिलं पेमेंट होतं आणि पुढचं बहुधा फसतं. तिथे दरमहाचा नाद सोडा, ओटीपी देऊन एकदाच वर्षाचे पैसे भरा.

भारतातल्या सेवांसाठी यूपीआय ऑटोपे हा बऱ्याच वेळा सुटसुटीत मार्ग आहे, कारण तिथे कार्डाची मुदत आणि पत्ता हे प्रश्न येत नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा: ऑगस्ट २०२५ पासून या कपाती गर्दीच्या वेळा टाळून होतात आणि पहिला प्रयत्न फसला तर आणखी तीनदाच होतो. त्या दिवशी खात्यात पैसे नसतील तर सेवा बंद पडेल.

पैसे कापले आणि सेवा सुरू झाली नाही तर घाबरू नका, पण तारीख टिपा. क्रेडिट कार्डावर अनेकदा रक्कम फक्त राखून ठेवलेली असते आणि काही दिवसांत सुटते. देशातल्या व्यवहारात कार्डावरून किंवा यूपीआयने दुकानदाराला पैसे गेले आणि खात्री मिळाली नाही, तर व्यवहारानंतरच्या पाच दिवसांत ते परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा आदेश आहे, आणि ती मागावी न लागता मिळायला हवी. परदेशी साइटला हा नियम लागू नाही.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. पेमेंट अडलेला, वैतागलेला माणूस गूगलवर बँकेचा किंवा ओटीटीचा हेल्पलाइन नंबर शोधतो, आणि वर दिसणारे काही नंबर भामट्यांनी टाकलेले असतात. फोन उचलणारा भामटा गोड बोलतो, ‘तुमचं कार्ड अनब्लॉक करतो’ म्हणतो आणि तुमची स्क्रीन त्याला दिसेल असं एखादं ॲप टाकायला सांगतो. दीडशे रुपयांच्या सबस्क्रिप्शनपायी खातं रिकामं होण्याची वाट ही. खऱ्या बँकेला तुमची स्क्रीन बघायची गरज नसते. बँकांच्या साइटचा पत्ता आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतो आणि सेवेसाठी बँकांनी करायच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक दिलेले आहेत. फसलात असं वाटलं तर एक मिनिटही न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा; पैसे पुढच्या खात्यात गोठवण्याची शक्यता पहिल्या तासांतच सर्वाधिक असते.

बँकेला लेखी तक्रार देऊन तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार ऑनलाइन करता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. लागतो तो तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि त्या लाल संदेशाचा फोटो. म्हणून पेमेंट अडलं की दुसऱ्यांदा बटण दाबायच्या आधी तो स्क्रीनशॉट काढून ठेवा.